पत्रद्वारा पाठांपासून ऑनलाइन अभ्यासक्रमापर्यंत : शिक्षक-शिक्षणातील अभ्यासक्रम-रचनेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आज 'ऑनलाइन अभ्यासक्रमाची रचना' हा विषय अभ्यासला जातो. विद्यार्थ्याने एखादा घटक निवडावा, त्याची उद्दिष्टे लिहावीत, चित्रफिती, वाचनसाहित्य, चर्चा व चाचणी यांची योजना करावी आणि ती वर्गासमोर मांडावी, असे या प्रात्यक्षिकाचे साधारण स्वरूप असते. एम.एड.च्या विद्यार्थ्यांच्या अशा योजना वाचताना प्रस्तुत लेखकाला एक गोष्ट वारंवार जाणवली. चित्रफितीची लांबी, पडद्यावरील अक्षरांचा आकार, चाचणीतील प्रश्नांची संख्या यांविषयी विद्यार्थी तपशिलाने लिहितात. मात्र शिकणाऱ्याने लिहिलेले उत्तर कोण वाचणार, किती दिवसांत वाचणार आणि वाचून त्याला काय कळविणार, या ठिकाणी बहुधा कोरी जागा असते. हा दोष विद्यार्थ्यांचा आहे असे म्हणणे सोपे आहे. परंतु ही कोरी जागा त्यांनी निर्माण केलेली नाही. ती त्यांच्यापर्यंत सुमारे सहा दशकांच्या परंपरेने आलेली आहे. तिचा इतिहास शोधणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विचार नागपूरच्या गांधीबाग परिसरात बसून केला की तो पुस्तकी राहत नाही. महाल आणि इतवारी यांच्या लगतचा हा जुना व्यापारी भाग. कापडाचा आणि औषधांचा घाऊक व्यापार, दुकानांवर गोदामे, गोदामांवर घरे आणि त्याच गल्ल्यांच्या आसपास लहानमोठ्या शाळा. अशा शाळेतील एखादी शिक्षिका सकाळची पाळी आटोपते, दुपारी घर सांभाळते, संध्याकाळी शिकवण्या घेते किंवा घरच्या दुकानाचा हिशेब पाहते आणि रात्री दहानंतर स्वतःच्या पदवीचा अभ्यास उघडते. दूरशिक्षण ज्यांच्यासाठी सुरू झाले ते विद्यार्थी हेच. रात्री दहा वाजता तिने लिहिलेल्या चुकीच्या उत्तराला उत्तर कोण देणार, हा प्रश्न टपालाच्या काळातही होता आणि मोबाइलच्या काळातही आहे.

उन्हाळा आणि टपाल

भारतातील विद्यापीठीय पत्रद्वारा शिक्षणाचा प्रारंभ दिल्ली विद्यापीठात १९६२ साली झाला. त्यानंतर दोन वर्षांनी नेमलेल्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) या मार्गाला भक्कम पाठिंबा दिला. उच्च शिक्षणातील किमान एक तृतीयांश विद्यार्थी १९८६ पर्यंत पत्रद्वारा व सायंकालीन वर्गांत सामावले जावेत, अशी त्या आयोगाची अपेक्षा होती. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न तर अधिकच निकडीचा होता. शाळा झपाट्याने वाढत होत्या आणि त्यांत अप्रशिक्षित शिक्षक मोठ्या संख्येने काम करीत होते. त्यांना वर्षभर शाळेतून काढून प्रशिक्षण महाविद्यालयात बसविणे शक्य नव्हते.

या पेचातून अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथील विभागीय शिक्षण महाविद्यालयांनी १९६६ पासून एक मार्ग काढला. लागोपाठच्या दोन उन्हाळी सुट्ट्यांत निवासी वर्ग आणि मधल्या सुमारे दहा महिन्यांत टपालाने पाठ, अशी ती बी.एड.ची रचना होती. महाराष्ट्र पश्चिम विभागात येत असल्याने येथील शिक्षकांसाठी भोपाळचे महाविद्यालय होते. नागपूरकराला इटारसीमार्गे तेथे पोहोचणे सोयीचे. नागपूरचा मे महिना सोडून भोपाळचा मे महिना पत्करण्यात मात्र फारसा दिलासा नसावा.

अभ्यासक्रम-रचनेच्या दृष्टीने ही योजना आजही बारकाईने पाहण्यासारखी आहे. पाठ घरी येत असे, शिक्षक त्यावरील प्रश्नांची उत्तरे लिहून पाठवीत असे आणि ती तपासून परत येत असत. टपालाच्या या फेरीत दिवस मोडत आणि वाचणाऱ्याचा उत्साहही ओसरत असणार. तरीही या रचनेत दोन गोष्टी अंगभूत होत्या. एक म्हणजे, उत्तर तपासणारा अध्यापक आणि उन्हाळ्यात समोर बसून शिकविणारा अध्यापक हे एकाच संस्थेचे होते. शेरा लिहिणाऱ्या हाताला चेहरा होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. उन्हाळी वर्ग निवासी असल्याने वसतिगृहात जेवढ्या खाटा तेवढेच विद्यार्थी घेता येत होते. विद्यार्थिसंख्येवरची ही मर्यादा कोणी शैक्षणिक तत्त्व म्हणून घातलेली नव्हती. परंतु तिच्यामुळेच तपासणीचे काम माणसाच्या आवाक्यात राहिले.

पुढे ही मर्यादा सुटली. १९८० च्या दशकात काही विद्यापीठांनी पत्रद्वारा बी.एड. मोठ्या प्रमाणावर सुरू केले. निवासी वर्ग आखडले, सराव पाठ नावापुरते उरले आणि प्रवेशशुल्क हा विद्यापीठाच्या उत्पन्नाचा एक मार्ग बनला. या प्रकाराविरुद्ध उठलेल्या तक्रारी हे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला वैधानिक अधिकार मिळण्यामागील एक कारण होय. परिषदेचा कायदा १९९३ चा असून १९९५ पासून ती वैधानिक संस्था म्हणून काम करू लागली. दूरस्थ बी.एड. त्यानंतर सेवेतील शिक्षकांपुरते मर्यादित झाले. संख्येला आळा बसला. परंतु तपासणीचा शेरा कसा असावा, हा प्रश्न नियमावलीच्या बाहेरच राहिला.

छापील संवादाची कल्पना

याच काळात जगात इतरत्र दूरशिक्षणाचे शास्त्र आकार घेत होते. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि १९७१ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. दूरचित्रवाणीवरील व्याख्यानांमुळे ते प्रसिद्धीस आले, परंतु त्याचा कणा होता शिक्षकाने तपासलेला स्वाध्याय. तपासनिसाने केवळ गुण देऊन थांबू नये, विद्यार्थ्याला शिकविणारा शेरा लिहावा, अशी तेथे अपेक्षा होती आणि तपासनिसांच्या शेऱ्यांचीही नमुना-तपासणी होत असे. शेरा हेच अध्यापन आहे, ही जाणीव त्या व्यवस्थेत होती.

स्वीडनमध्ये काम सुरू केलेले दूरशिक्षणतज्ज्ञ बर्ये होल्मबर्ग यांनी चांगले दूरशिक्षण म्हणजे मार्गदर्शित संभाषण होय, असा विचार मांडला. पाठाच्या लेखकाने वाचकाशी बोलल्यासारखे लिहावे, त्याच्या शंका आधीच ओळखाव्यात, मध्येमध्ये त्याला थांबवून प्रश्न विचारावेत. जर्मनीच्या ओटो पेटर्स यांनी मात्र दुसरी बाजू दाखविली : दूरशिक्षण हे अध्यापनाचे औद्योगिक रूप आहे, त्यात श्रमविभागणी आहे, मोठे उत्पादन आहे आणि ते स्वस्त पडते ते याच कारणाने.

या दोन विचारांच्या मधोमध आपल्या प्रश्नाचे मूळ आहे. पाठ एकदा लिहावा लागतो. तो शंभर जणांना द्या किंवा लाखाला, लिहिण्याचा खर्च तेवढाच. दरडोई तो कमी होत जातो. उत्तर तपासण्याचा खर्च मात्र प्रत्येक विद्यार्थ्यामागे नव्याने करावा लागतो आणि संख्या वाढली म्हणून तो उतरत नाही. त्यामुळे काटकसर करू पाहणाऱ्या कोणत्याही संस्थेची कात्री प्रथम कोठे पडणार, हे ठरून गेलेले असते. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. अंदाजपत्रकाचा तो साधा परिणाम आहे.

नाशिकचा प्रयोग

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे स्थापन झाले. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले हे तत्पूर्वी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने मराठीला एक नवी शैक्षणिक परिभाषा दिली. अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र, समंत्रक, स्वयंअध्ययन साहित्य हे शब्द विदर्भातील शिक्षकांच्याही तोंडी रुळले. सेवेतील शिक्षकांसाठीचे बी.एड. आणि शालेय व्यवस्थापन पदविका हे या विद्यापीठाचे शिक्षकवर्गात सर्वाधिक ओळखीचे शिक्षणक्रम म्हणावे लागतील.

स्वयंअध्ययन पुस्तिकेची बांधणी ही मराठी शैक्षणिक लेखनातील एक वेगळीच घटना होती. तोवरचे बी.एड.चे पाठ्यपुस्तक प्राध्यापकाच्या व्याख्यानाचे मुद्रित रूप असे. नव्या पुस्तिकेत घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मजकूर लहान लहान भागांत, प्रत्येक भागानंतर स्वतःची प्रगती पडताळण्याचे प्रश्न, लिहिण्यासाठी सोडलेली जागा आणि शेवटी उत्तरे, अशी मांडणी होती. भाषेतही फरक होता. 'विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावे' याऐवजी 'तुम्ही' आले. व्याख्यानाची सवय असलेल्या प्राध्यापकाला असे लिहिणे सोपे नव्हते. होल्मबर्ग यांचा संवाद मराठी छपाईत उतरविण्याचा हा प्रयत्न होता आणि तो पुष्कळ अंशी साधला, असे या लेखकाचे मत आहे.

परंतु या संवादाची मर्यादाही तेथेच दिसते. पुस्तिकेच्या शेवटी छापलेले उत्तर हे सर्वांसाठी एकच असते. नेहमीच्या चुकीचा अंदाज लेखक आधी बांधू शकतो, मात्र या विशिष्ट शिक्षिकेने या विशिष्ट वर्गात केलेली चूक त्याला दिसत नाही. समजा, पुस्तिकेने विचारले की पाठनियोजनात पूर्वज्ञानाचे स्थान काय. शिक्षिकेने चार वाक्ये लिहिली, मागील पान उलटून छापील उत्तर पाहिले आणि 'जुळते' असे मानून ती पुढे गेली. तिचे उत्तर प्रत्यक्षात पुस्तकातील व्याख्येची नक्कल होते आणि तिच्या वर्गातील मुलांचे पूर्वज्ञान काय याचा त्यात मागमूसही नव्हता, हे तिला कोण सांगणार? त्या कामासाठी समंत्रक होता. सेवेतील शिक्षकाची स्वतःची शाळा हीच त्याची प्रयोगशाळा, ही या बी.एड.मागची भूमिका योग्यच होती. परंतु प्रयोगशाळेतील निरीक्षण वाचून त्यावर बोलणारा माणूस नसेल तर प्रयोग नोंदवहीतच राहतो.

समंत्रक बहुधा जवळच्या अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापक असे. आठवडाभराचे नियमित काम सांभाळून तो रविवारी किंवा सुट्टीत संपर्कसत्र घेई आणि स्वाध्यायांचा गठ्ठा घरी नेई. ज्यांनी या काळात समंत्रक म्हणून मनापासून काम केले त्यांचे श्रम कोणत्याही अहवालात स्वतंत्रपणे नोंदले गेलेले नाहीत. पुस्तिकेवर लेखकाचे, संपादकाचे नाव छापले जाते. समासात लाल शाईने 'हे उदाहरण तुमच्या वर्गातले द्या' असे लिहिणाऱ्याचे नाव कोठे छापणार?

रचनेचे शास्त्र वर्गात येते

अभ्यासक्रमाची रचना हा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासविषय केव्हा झाला? इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८५ ची. १९८७ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले ते दोन पदविकांनी : एक व्यवस्थापनाची आणि दुसरी दूरशिक्षणाची. पहिल्या वर्षीची एकूण विद्यार्थिसंख्या ४,५२८ होती. विद्यापीठ स्वतः जे करू पाहत होते त्याचाच अभ्यासक्रम त्याने आरंभी उघडला, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढे याच विषयात एम.ए.ही सुरू झाले आणि १९९३ मध्ये दूरशिक्षणातील प्रशिक्षण व संशोधनासाठी तेथे स्वतंत्र संस्था उभी राहिली. या पदविकेत शिकणाऱ्याला घटक कसा लिहावा याबरोबरच स्वाध्यायावर शेरा कसा लिहावा हेही अभ्यासावे लागे. शेऱ्यांचे प्रकार, निरुपयोगी शेरे, शिकविणारे शेरे यांची चर्चा त्या काळच्या दूरशिक्षणाच्या अभ्यासात नेहमी होत असे. आजच्या ऑनलाइन रचनेवरील पाठ्यपुस्तकांत मात्र ती शोधावी लागते.

दरम्यान माध्यमे बदलत होती. विद्यापीठ अनुदान आयोगाचा उच्च शिक्षणासाठीचा दूरचित्रवाणी कार्यक्रम १९८४ मध्ये सुरू झाला. पुण्यातील बालचित्रवाणीही त्याच वर्षीची, ती २०१७ मध्ये बंद पडली. २० सप्टेंबर २००४ रोजी एज्युसॅट हा शिक्षणासाठीचा उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या प्रायोगिक टप्प्यात सहभागी झालेल्या संस्थांत नाशिकचे मुक्त विद्यापीठही होते. एज्युसॅटच्या जाळ्यात दोन प्रकारची केंद्रे होती. काही केंद्रांतून विद्यार्थ्याला प्रश्न विचारता येत असे, तर काही फक्त ऐकण्या-पाहण्यासाठी होती. दुसऱ्या प्रकारचे केंद्र उभारणे अर्थातच स्वस्त होते. माध्यम टपालाचे असो वा उपग्रहाचे, परतीचा रस्ता नेहमीच महाग पडतो, हे येथे यंत्रसामग्रीच्या यादीतच वाचता येते.

चार चतुर्थांश

२००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम सर्वांना खुला केला. शुल्क भरलेले विद्यार्थी सुमारे २५ आणि विनाशुल्क सामील झालेले सुमारे २,२०० होते. महाकाय खुल्या अभ्यासक्रमांची जी लाट पुढे आली तिचे नाव या प्रयोगापासून पडले. हजारो जणांना एक अध्यापक उत्तर देऊ शकणार नाही, हे या दोघांनी गृहीतच धरले होते. सहभागी मंडळींनी एकमेकांना उत्तर द्यावे, अशी त्यांची कल्पना होती. नंतर आलेल्या मोठ्या व्यासपीठांनी मोठी संख्या उचलली, ही कल्पना मात्र बाजूला ठेवली.

भारतात ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' व्यासपीठाचे उद्घाटन झाले. त्यावरील अभ्यासक्रमाची रचना चार चतुर्थांशांत करावयाची असते : चित्रफितींद्वारे अध्यापन, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि स्वयंमूल्यमापन. चर्चामंच हा या चारांतील एक आहे, म्हणजे परतीच्या रस्त्याला कागदोपत्री चौथा हिस्सा मिळालेला आहे. पण पहिले दोन आणि चौथा हिस्सा अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी तयार करून ठेवता येतात. तिसरा आधी तयार होऊच शकत नाही. तो रोज कोणीतरी चालवावा लागतो. निर्मितीसाठी दिलेल्या निधीत जे निर्माण करून सुपूर्द करता येते त्याचाच हिशेब नीट लागतो. एम.एड.च्या विद्यार्थ्यांच्या योजनेतील कोरी जागा नेमकी या तिसऱ्या चतुर्थांशाची असते, हे येथे नमूद करावेसे वाटते.

याच व्यासपीठावर शिक्षक-शिक्षणाची सर्वांत मोठी कसोटी लागली. शिक्षण हक्क कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत किमान अर्हता मिळविणे बंधनकारक झाले. त्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने प्राथमिक शिक्षणाची १८ महिन्यांची पदविका 'स्वयम्' आणि दूरचित्रवाणी वाहिनीच्या आधारे चालविली. नोंदणी झालेल्या शिक्षकांची संख्या सुमारे १४ लाख होती. त्यांच्यासाठी अभ्यासकेंद्रे होती, संपर्कवर्ग होते, स्वाध्यायही होते. एक साधा हिशेब मांडून पाहावा. प्रत्येक शिक्षकाच्या केवळ एका स्वाध्यायाला बारा मिनिटे द्यावयाची ठरविली तरी २ लाख ८० हजार तास होतात. एवढे तास वाचणारी माणसे दीड वर्षात कोठून उभी करणार? मुदत ठरली होती, संख्या ठरली होती आणि माध्यमही ठरले होते. रचनाकाराला ठरविण्यासारखे फार थोडे उरले होते.

या पदविकेचे पुढे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. तिच्या वैधतेवरून वाद उभे राहिले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही १८ महिन्यांची पदविका दोन वर्षांच्या नियमित पदविकेच्या बरोबरीची मानता येणार नाही, असा निर्णय दिला. डिसेंबर २०२४ मध्ये १० ऑगस्ट २०१७ रोजी सेवेत असलेल्या शिक्षकांपुरता त्यात दिलासा देणारा खुलासा झाला. न्यायालयातील चर्चा कालावधीच्या आणि अर्हतेच्या मुद्द्यावर झाली. ज्या शिक्षकांनी शासनाच्या सांगण्यावरून अभ्यास केला त्यांना आपल्या प्रमाणपत्राचे मोल न्यायालयाकडून समजून घ्यावे लागले, याची बोच शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना अधिक वाटावयास हवी. अभ्यासक्रमाची रचना हा केवळ तंत्राचा विषय नसून तिच्यावर कोणाची तरी नोकरी अवलंबून असते.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे नागपुरातील बाजारपेठा देशव्यापी टाळेबंदीच्या काही दिवस आधीच बंद झाल्या. गांधीबागेतील दुकानांचे दरवाजे ओढले गेले आणि शाळा मोबाइलवर आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून शिक्षकांसाठीचे 'निष्ठा' प्रशिक्षण 'दीक्षा' व्यासपीठावर ऑनलाइन सुरू झाले. त्यात १८ अभ्यासघटक होते. चित्रफीत पाहावी, प्रश्न सोडवावेत, प्रमाणपत्र उतरवून घ्यावे, ही शिस्त शिक्षकांनी फार लवकर आत्मसात केली. इतक्या लवकर की काही शाळांत चित्रफीत एकीकडे चालू ठेवून दुसरीकडे हजेरीपत्रक भरण्याचे कौशल्यही विकसित झाले. या गोष्टीवर हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की ज्या रचनेत शिकणाऱ्याच्या लिहिण्याची कोणी वाट पाहत नाही, तिला शिकणारा याहून वेगळा प्रतिसाद का देईल?

दोन वेगळ्या वाटा

हा इतिहास केवळ आक्रसत जाण्याचा नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्राथमिक शिक्षण या विषयात जो एम.ए. अभ्यासक्रम सुरू केला, त्याची बांधणी नोकरी करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती : ठराविक काळ संस्थेत संपर्कवर्ग आणि मधल्या काळात आपापल्या ठिकाणी राहून अभ्यास. १९६६ च्या उन्हाळी योजनेशी या रचनेचे नाते उघड आहे, मग ते कोणी जाणीवपूर्वक जोडलेले असो वा नसो.

दुसरे उदाहरण मुंबईच्याच भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे. तेथील शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या आंतरविद्याशाखीय विभागात प्रा. सहाना मूर्ती, प्रा. श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो महाविद्यालयीन अध्यापकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण चालविताना शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणारा रचनेचा एक आराखडा विकसित केला. त्यातील चित्रफीत सलग चालत नाही. ती मध्येच थांबते, शिकणाऱ्याला काही करावयास सांगते आणि त्याने केलेल्या कृतीचा संदर्भ घेऊन पुढे सरकते. चर्चेसाठी 'आपली मते मांडा' असे मोघम न सांगता नेमका प्रश्न दिला जातो. प्रगतीत मागे-पुढे असलेल्यांसाठी पुढील वाचनाच्या निरनिराळ्या वाटा असतात आणि त्या चालल्यावर पुन्हा कृती द्यावी लागते. मोठ्या संख्येसमोर शरणागती न पत्करता उत्तराची सोय कशी करता येईल, याचा हा गंभीर विचार आहे. त्याची भिस्त मुख्यतः सहाध्यायांच्या परस्परसंवादावर आहे आणि सहाध्यायी सगळे अध्यापकच असल्याने ती काही अंशी खरीही ठरते. मात्र एम.एड.च्या अभ्यासात हा आराखडा आकृती पाठ करण्यापुरता आला तर त्याचा उपयोग नाही. वर्ध्याला १९३७ मध्ये जी शिक्षण परिषद भरली, तिने हाताने केल्यावाचून शिकणे पुरे होत नाही हे तत्त्व शालेय शिक्षणासाठी मांडले. तेथून ७५-८० किलोमीटरवर असलेल्या नागपुरात ऑनलाइन रचनेचा अभ्यास केवळ टिपणांवरून व्हावा, हे विचित्र वाटते.

गांधीबागेतील एक घटक

या दृष्टीने प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने तयार केलेला घटक येथे थोडक्यात सांगण्यासारखा आहे. विषय होता, पाचवीतील मुलांच्या अपूर्णांकांतील चुका कशा वाचाव्यात. तिचे अभ्यासार्थी होते गांधीबाग परिसरातील शिक्षक. पहिल्या खर्ड्यात आठ चित्रफिती आणि वीस बहुपर्यायी प्रश्न होते. एक अष्टमांश हा एक षष्ठांशापेक्षा मोठा आहे, कारण आठ हे सहापेक्षा मोठे, ही सुपरिचित चूक त्यांत अर्थातच होती. चाचणी नीट गुण देत होती.

चर्चेच्या वेळी एका सहाध्यायी शिक्षकाने आपल्या वर्गातील एका मुलाचे उदाहरण सांगितले. त्याच्या वडिलांचे कापडाचे दुकान. 'पाऊण मीटर जास्त की अर्धा मीटर' असे विचारले तर तो क्षणात बरोबर सांगे. सव्वा, दीड, अडीच ही मापे त्याच्या जिभेवर होती. वहीत मात्र तीन चतुर्थांश आणि एक द्वितीयांश लिहून दिले की तो अडखळे आणि खालचे आकडे जोडून काहीतरी लिहून टाके. ही चूक बहुपर्यायी प्रश्नात मावणारी नव्हती. मुलाला अपूर्णांक येत होते. त्याला येत नव्हती ती त्यांची लेखनपद्धती. हे ओळखण्यासाठी त्या शिक्षकाने वहीचे छायाचित्र पाठवावे, मुलाशी झालेले बोलणे लिहावे आणि ते वाचून कोणीतरी त्याला विचारावे की 'पाऊण' हा शब्द तुम्ही फळ्यावर कसा लिहिलात?

दुसऱ्या खर्ड्यात चित्रफिती तीनच राहिल्या. आठवड्याला एक, असे चार आठवड्यांत चार लेखी स्वाध्याय आले, अभ्यासार्थींची संख्या तीस ठरली आणि प्रत्येक स्वाध्यायाला बारा मिनिटे धरून वाचनाचे चोवीस तास योजनेच्या पहिल्याच पानावर लिहिले गेले. त्यापुढे वाचणाऱ्या दोघांचा उल्लेख होता आणि रात्री आलेल्या प्रश्नाला दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे सकाळची पाळी सुटल्यावर, उत्तर मिळेल अशी नोंद होती. मानधनाच्या रकान्यात मात्र तिने प्रश्नचिन्ह ठेवले होते.